'बॉच' या शब्दाची डागडुजी

माझ्या हातून आजवर साधा कपसुद्धा फुटलेला नाही. हे मी त्या दिवशी आमच्या संपादकबाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

आम्ही इंग्रजी-मराठी शब्दकोश करतो. बावीस वर्षं झाली, 'बी' या अक्षरापर्यंत आलोय. त्या दिवशी माझ्या वाट्याला 'बॉच' आला. बॉच करणं म्हणजे अनाडी हातांनी कामाचा विचका करणं. अर्थ सोपा, पण बाईंना शब्दाचं मूळही हवं होतं. त्यासाठी त्यांनी कुलपातून आपल्या वडिलांचा जुना इंग्रजी कोश काढला. वडील जाऊन दहा वर्षं झालेली. समासात त्यांच्या हातची निळ्या शाईतली टिपणं. बाईंनी तान्हं बाळ द्यावं तसा तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"पानं जपून उलटा हं."

"बाई, तुम्ही निर्धास्त मीटिंगला जा."

त्या गेल्या आणि मी 'बॉच'चं पान काढलं. ते पुढच्या पानाला कडेने चिकटलेलं होतं. मी हळूच ओढलं. चर्र!

दोन इंच फाटलं. काय करावं सुचेना, म्हणून मी नुसताच वाचत बसलो. समासातलं टिपण वाचलं, मग मूळ नोंद. आणि बघतो तर काय, या शब्दाचा पहिला अर्थ विचका नव्हताच! पूर्वी बॉच करणं म्हणजे ठिगळ लावणं, डागडुजी करणं. लोकांनी इतकी वाईट ठिगळं लावली असावीत, की पुढे तोच शब्द विचक्याला चिकटला. शब्द मुळात आला कुठून, हे मात्र नक्की कुणालाच ठाऊक नाही.

मला मात्र धीर आला. डागडुजी ना? करू की.

डिंकाच्या बाटलीचं बूच निघेना. दातांनी ओढलं, तेव्हा बुचाबरोबर बाटलीतला अर्धा डिंकही आला. पान जोडलं गेलं खरं, पण पुढच्या चार पानांसकट.

"वाफ द्या, सुटेल," टायपिस्टबाई म्हणाल्या. "मी पाकिटं अशीच उघडते."

"कुणाची पाकिटं?"

त्या किटली आणायला गेल्या.

पानं सुटली. पण समासातली शाई डोळ्यांदेखत फुटली, पसरली आणि ओघळत कोशाबाहेर टेबलावर आली. अक्षरांच्या जागी नुसता निळा डाग उरला. मी दगडासारखा उभा राहिलो. टायपिस्टबाईंनी रडत रडत बाईंना फोन लावला. "बाई, लवकर या. सर... वाफ... सगळं गेलं हो!" आणि फोन ठेवून दिला.

वीस मिनिटांत बाई धावत आल्या. सोबत डॉक्टर. मी धडधाकट दिसताच त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"कुठे भाजलंय?"

मी कोश पुढे केला. बाई पांढऱ्याफटक पडल्या. बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिल्या.

"हे पान कधी उघडलंच नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतं, आठवतंय?"

मी आठवून सांगितलं, "'उदाहरण: चिमीने माझ्या कोटाला लावलेलं बटण. काजापासून चार बोटं खाली. तिथेच राहू द्यावं.'"

चिमी कोण, हे बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"सातवीत होते मी," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत तो कोट तसाच घातला त्यांनी. मला वाटायचं, लक्षातच आलं नसेल." त्यांनी डोळे पुसले. "कागदावर लिहून द्या. शब्दन् शब्द."

मी सांगत गेलो, टायपिस्टबाईंनी टाइप केलं. मीच लिहायला हवं होतं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं डिंकाने एकमेकांना घट्ट धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा.

संध्याकाळी निघताना हजेरीपटावर सही करायची होती. शिपायाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. बावीस वर्षं शब्दकोश रचणाऱ्या माणसाने डावा अंगठा उठवला.

तोही जरा फरकटलाच.