काचा वर

आमचे शेजारी किसनअप्पा भर मे महिन्यात गाडीच्या चारही काचा वर करून अंबडच्या बाजारातून जायचे. गाडीत एसी होता. म्हणजे तसं बटन होतं. ते दाबलं की चुलीसमोर बसल्यासारखं वाटायचं. अप्पा घामानं निथळत, पण मान ताठ. "काचा खाली केल्या की माणूस खाली येतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्याबरोबर जालन्याला जायचा मान मला एकदा मिळाला. पुढच्या खेपेला मी एसटीनं गेलो आणि खिडकीशी बसून स्वतःच्या सामान्यपणाचा मनसोक्त आनंद घेतला.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची लेक सुमन तान्ह्या पोराला घेऊन पुण्याहून आली. जालना स्टेशनावरून घरी येईतो पोर घामोळ्यांनी लाल झालं. परत जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, उन्हाळ्यात आता न्हाई जमायचं. दिवाळीलाच येत जाईन."

आंब्याच्या दिवसांत लेक घरी नाही, हे अप्पांना सोसण्यातलं नव्हतं. यंदा ऊन तापायच्या आधीच गाडी वडीगोद्रीला, शकीलभाईच्या गॅरेजात गेली. गाडीचं वय बघून शकीलभाईनं सुचवलं की नवा एसी घ्याच, पण त्याच्याभोवती गाडीही नवी घ्या. अप्पा ऐकेनात. नवा कॉम्प्रेसर बसला, नवे पाइप आले, मागच्या सीटसाठी वेगळा ब्लोअर लागला.

गाडी घरी आली तशी अप्पांनी मला आत बसवलं, बटन दाबलं आणि चारही काचा खाली केल्या. मी बघतच राहिलो.

"बघता काय सर? कूलरला खिडकी उघडी लागती का न्हाई? हवा निघाया जागा नको?"

आठवडाभर ते साऱ्या बाजाराला गार हवा वाटत हिंडले. मग कुलिंग बिलकुल नाही म्हणून शकीलभाईशी भांडायला गेले. मीही सोबत होतो. शकीलभाईनं फक्त चारही काचा वर केल्या. परतताना अप्पा म्हणाले, "जन्मभर बराबर चालवून राह्यल्तो. एसी आला अन् बिघडलो."

एसी बसवलाय, ये म्हटल्यावर सुमन फोनवर 'बघते' एवढंच म्हणाली होती. पण मे महिन्यात ती आली. तिला आणायला अप्पांनी मला बरोबर घेतलं. स्टेशनावरून निघताना मी पुढं बसलो, सुमन पोराला घेऊन मागं. शहर सुटेपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला. बघतो तर एसीच्या पुढच्या झडपांत अप्पांनी फडकी कोंबलेली, सगळा गारवा मागं जावा म्हणून. ते स्वतः पहिल्यासारखेच निथळत होते.

मी काच खाली करायच्या दांड्याला हात घातला.

"राहू द्या सर," ते हळूच म्हणाले. "पोरगं झोपलंय."

अंबडच्या चौकात कुणी तरी हात केला. अप्पांचं लक्ष नव्हतं. समोरचा आरसा त्यांनी रस्त्यावरून हटवून मागच्या सीटकडं वळवला होता. त्यात सुमन पोराच्या अंगावर दुपटं ओढत होती.