किसनकाका आणि सरकारी पिच्चर

आमच्या शेजारच्या किसनकाकांना चहा पाजणं म्हणजे आपल्याच घरात काम वाढवून घेणं. सकाळी त्यांनी आपल्याकडं कपभर चहा घेतला, की संध्याकाळी किटली घेऊन दारात हजर. "घ्या, तुमचा चहा." सकाळच्या चहात आलं असलं तर परतीच्या चहातही आलं असणार. एकदा माझ्या बायकोच्या हातून साखर जास्त पडली, तर संध्याकाळी तसाच गोडमिट्ट चहा परत आला. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. "आज ना उद्या वसुली येतीच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात, घराला लागूनच, त्यांची पिठाची गिरणी आहे. मूलबाळ नाही. घरात ते आणि कौसाकाकू, दोघंच. मागं एकदा कुठल्याशा सरकारी योजनेचे पैसे चुकून त्यांच्या खात्यात पडले, आणि वर्षभरानं परत भरा म्हणून नोटीस आली. काकांनी त्या पैशांना हात लावला नव्हता, म्हणून लगेच भरले. पण तेव्हापासून सरकार या शब्दाची त्यांनी अशी धास्ती घेतली, की मोटारसायकलवरून अनोळखी माणूस आला तरी ते गिरणीचा पट्टा सोडून मागच्या दारात जाऊन उभे राहत.

अशा माणसाच्या गावात पिच्चरचं शूटिंग आलं.

मी गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. कंपनीनं माझी जीप महिनाभर बांधून घेतली, म्हणून मला सगळं जवळून पाहायला मिळालं. एरवी मी सीट भरायची वाट बघत स्टँडवर अर्धा दिवस घालवतो. आता सकाळी गाडी काढली की सारखी पळतच होती. चहावाल्यानं दुसरा स्टो घेतला. एका धनगराची शेरडं भाड्यानं घेतली आणि तीच शेरडं तीन वेळा रस्ता ओलांडायला लावली. तो म्हणाला, "अजून दहा बारी ओलांडतील, फकस्त सांगा." हिंगोलीतल्या लॉजमध्ये जागा राहिली नाही.

कंपनीचा मॅनेजर पुण्याकडचा, बोलका गडी. एका दुपारी गिरणीपुढं बसून त्यानं आम्हाला समजावलं, "मराठी चित्रपटाला सरकार अनुदान देतं. म्हणून तर आमचा मालक एवढं धाडस करतो. तो पैसा शेवटी तुमच्याच गावात फिरतो, काका. या हातातून त्या हातात."

काकांच्या भुवयांवर पीठ होतं, तरी चेहरा त्याहून पांढरा झाला. "म्हंजे हा पैसा सरकारचा हाय?"

"तसं म्हणा. पिच्चर पूर्ण झाल्यावर त्यांची माणसं बघणार, पसंत पडला तर देणार."

"आन् न्हाई पडला तर?"

मॅनेजर हसला. काका हसले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "पैसा या हातातून त्या हातात फिरतो म्हन्तो. मंग वसुलीवालाबी त्याच रस्त्यानं फिरत येईन की न्हाई?"

मी म्हटलं, "काका, तुमी कशाला भिऊन राहिले? तुमी काय घेतलं त्यांचं?"

त्यांनी आत बोट दाखवलं. आत कौसाकाकू भाकरी थापत होत्या.

झालं असं होतं, की मॅनेजरनं एकदा काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कंपनीला तेच पाहिजे झालं. गल्लीतल्या चार बाया काकूंच्या हाताखाली आल्या. आयुष्यभर दोन माणसांचा स्वयंपाक केलेली बाई आता परातीवर परात मळत होती आणि हसत होती. पिच्चरमधली नटी तिला आई म्हणायची. काका मात्र रोज वाळत चालले होते. जेवताना सारखी रस्त्याकडं नजर. काकूंना म्हणाले, "कौसा, नको करू. पिच्चर पडला तर ह्या भाकरी कोणाच्या नावावर निघतीन?"

"माह्या," काकू म्हणाल्या. "निघू द्या."

हे ऐकल्यावर काकांची झोप गेली.

शूटिंग संपायला आलं तेव्हाची गोष्ट. मी गिरणीपाशी जीपमध्ये भाकरींच्या टोपल्या ठेवत होतो. एवढ्यात महाराष्ट्र शासन लिहिलेली पांढरी गाडी येऊन थांबली. पुढून एक साहेब उतरले. गिरणी चालू होती, म्हणून मोठ्यानं विचारलं, "शूटिंगवाल्यांचा स्वयंपाक इथंच होतो का?"

काकांनी गिरणी बंद केली. एकदम सगळं शांत झालं.

"व्हय," काका म्हणाले. "इथंच होतो."

"कोण करतं?"

"मी. भाकरी मीच थापतो."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. कोपरापर्यंत पीठ होतं, तेव्हा तसं खोटं म्हणायला जागा नव्हती. आतून काकू हात पुसत आल्या. "कोण आलंय हो?"

"तू आत जाय," काका म्हणाले. मी त्यांना काकूंवर ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "हिला यातलं काई ठाऊक न्हाई, साहेब."

खुंटीवरची एक पिशवी त्यांनी काढली. आत धुतलेलं धोतर आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ती बांधून किती दिवस तिथं टांगली होती कोण जाणे. ती काखेत मारून काका चालत गेले आणि पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

साहेब गोंधळले. मला विचारलं, "यांना कुठं सोडायचंय? मी तर शूटिंग बघायला आलोय. घरच्यांना त्या हिरोबरोबर माझा फोटो पाहिजे. मॅनेजर इथं भेटेल म्हणाले."

मी हसू गिळत साहेबांना शूटिंग चालू होतं त्या मारोतीच्या पाराकडं जायचा रस्ता सांगितला आणि दार उघडून काकांना उतरवायला गेलो. दंडाला धरलं, तर ते पिशवी छातीशी धरून आणखी आत सरकले. तिथं माझं हसू गेलं.

गाडी गेली. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "काका, तुमी तर नोटीस आली तरी जेवत न्हाई. आज आपल्या पायानं कसे जाऊन बसले?"

काकांनी पिशवी मांडीवर ओढली.

"मला नेलं तर तिला गल्लीतल्या बाया हायेत. कोणी ना कोणी येईन, बसंन तिच्यापाशी. तिला नेलं तर माह्याकडं कोण येतं रे? दळण घेऊन येतात, ते दळण घेऊन जातात."

माझंही दळण तिथं डब्यात पडून होतं.

आत काकूंनी पुन्हा भाकरी थापायला घेतली. थप थप आवाज येऊ लागला. काका पिशवी मांडीवर धरून ऐकत बसले. मध्येच आवाज थांबला, की मान वर करून दाराकडं बघत. पुन्हा सुरू झाला, की मान खाली घालत.