आपा हरकतकर

माझ्या चुलतबहिणीचं लग्न. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं शेवटच्या कडव्यावर आलेली, अक्षता मुठीत घामेजलेल्या. तेवढ्यात मांडवाच्या मागून खणखणीत आवाज आला, "माजी हरकत आसा!"

नवऱ्या मुलाच्या आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. मुंबईच्या पाहुण्यांचे चेहरे मात्र उजळले. काहीतरी प्रकरण निघणार! निघालं एवढंच, की भटजींचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं. सगळा मांडव तीन मिनिटं अक्षता सांभाळत उभा राहिला, आणि मग लग्न लागलं.

हे आमचे आपा. माझे शेजारी. त्यांचं खरं आडनाव मतदारयादीत असेल, पण आरोंद्यापासून शिरोड्यापर्यंत त्यांना आपा हरकतकर म्हणतात, आणि त्या नावालाही त्यांची हरकत आहे. उभा जन्म सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी सोडायची आणि कोणती अडवायची, हे ठरवण्याची सवय हाडात मुरली. निवृत्त झाल्यावर गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून गाव अडवायला लागले. देवळाच्या रंगाला हरकत, ग्रामसभेच्या चहाला हरकत, माझ्या कोंबड्याच्या आरवण्याच्या वेळेला तर लेखी हरकत. बायको गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे घरात हरकत घ्यायला कोणी नाही. तो सगळा साठा बाहेर निघे.

मी एका लहानशा निसर्गसंस्थेत काम करतो. मुंबईतली एक कंपनी आमच्याबरोबर गावात झाडं लावायला तयार झाली, तेव्हा मला आनंदाआधी आपा आठवले. कंपनीच्या नंदिनी मॅडम देवळाच्या सभामंडपात योजना समजावणार होत्या. मी आपांना सभेची वेळ मुद्दाम तासभर उशिराची सांगितली. जाऊन बघतो तर आपा पहिल्या रांगेत.

"उशिराची येळ सांगणाऱ्यार माजो कधीच इस्वास नाय," ते म्हणाले.

मॅडमनी भिंतीवर चित्र दाखवलं. गावाच्या वरचा जांभ्या दगडाचा उघडा सडा, आणि त्यावर ऑस्ट्रेलियन बाभळींची हिरवीगार रांग. टाळ्या वाजायच्या आतच आपा उठले.

"माजी हरकत आसा."

"काका, ही झाडं खूप लवकर वाढतात," मॅडम म्हणाल्या.

"तण पण बेगीन वाढता, बाय. म्हणान काय ता पेरूचा? पावसात सड्यार गवत येता, गुरां थय चरतत. थय तुमची झाडां इली की गुरां खंय जातली? तुमच्या हापिसात?"

मंडपात हशा पिकला. मॅडमनी लॅपटॉप मिटला. मी डोळे मिटले. गेली कंपनी, गेलं वर्षभराचं काम.

"मग कुठे लावायची?" मॅडम विचारत होत्या. "दाखवाल मला?"

आपांनी छत्री उचलली. देवळामागच्या उतरणीवर जुनी झाडं तुटून नुसती झुडपं उरली होती, तिथे ते मॅडमना घेऊन गेले. हय जांभूळ, थय आमसुलांचा भिरंड, खाली पाण्याच्या अंगाक उंडी, आणि पायवाटेर सुरंगी, म्हणजे बायकांका गजऱ्याक लांब जावक नको. मॅडम चिखलात उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. आपांची हरकत कोणी वही काढून लिहून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. आपांनीही.

लागवडीच्या रविवारी कंपनीची तीस मुलंमुली आली. पांढरे टी-शर्ट, छातीवर नावाच्या पट्ट्या. आपांच्या गळ्यात शिट्टी.

"जांभळावाले एक नंबरार लागा! भिरंडवाल्यांनी मधी घुसा नये!"

बॅनरला हरकत झाली, तो गुंडाळला गेला. फोटोला हरकत झाली. "आदी झाड लावा, मगे दात दाखवा." एका पोराने रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं. आपांनी ते त्यालाच उपसायला लावलं. "तुका रेनकोट घालून आंघोळ घातली तर चलात?"

दुपारपर्यंत पांढरं काही उरलं नव्हतं. गंमत म्हणजे, पोरं आता मुद्दाम रोप वाकडं धरून हाका मारत होती, "आपा, हे बरोबर आहे का?" आणि आपा चिखलातून धापा टाकत, ओरडत जात होते. संध्याकाळी बसच्या खिडक्यांतून तीस हात बाहेर आले. "आपा, पुढच्या पावसात येतो!"

"येळेर येवा," आपा म्हणाले आणि शिट्टी वाजवून बस सोडली.

मग वर्षभर गावाला सुख नव्हतं. उन्हाळ्यात पाणी घालण्याच्या पाळ्या त्यांनी एसटीच्या वेळापत्रकासारख्या लावल्या. कोणाची पाळी चुकली, की आपा त्याच्या दारात. पण रोपं जगली. काही तर माझ्या कमरेला लागली.

पुढचा पाऊस आला आणि कंपनीचं पत्रही आलं. यंदा त्यांनी दुसरा जिल्हा निवडला होता. नंदिनी मॅडमनी नोकरी बदलली होती. शेवटी आमचे मनःपूर्वक आभार होते. हे आपांना सांगायचं मी आज-उद्या करत राहिलो. पोरं येण्याचा दिवस त्यांनी आपल्या मनानेच ठरवला होता, गेल्या वर्षीचाच रविवार. त्या सकाळी गेलो, तर अंगण झाडून लख्ख, आणि त्यात भजनी मंडळाच्या तीस खुर्च्या, तीन रांगांत. पडवीत आमसुलांच्या पुड्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नाव. रोहन एक, रोहन दोन. इम्रान, कंसात डावखुरो. स्नेहा, कंसात चष्मो.

मी सांगितलं.

 एक पुडी जरा तिरकी होती, ती आपांनी सरळ केली.

"बरा," ते म्हणाले. "कामां आसतली तेंका."

मग म्हणाले, "ह्यो पुड्यो धाडशीत? पण नावां सांबाळ हां. बिनचष्म्याची स्नेहा येगळी."

धाडतो म्हणालो. अंगणात उतरलो आणि खुर्च्या एकीवर एक रचायला लागलो. देवळात परत करायच्या होत्या.

"रवांदेत रे आज," आपा म्हणाले. "सांजेक नेवया."

मी वरची खुर्ची उतरवली, होती तिथे ठेवली आणि तिच्यावर बसलो. आपा पडवीतून खाली आले, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि मला चष्म्याच्या स्नेहाबद्दल सांगायला लागले.