मुलाखतीचा आत्मविश्वास

काम नसलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो दूर करण्याचं थोर कार्य इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात बेकारांना कामाला लावण्याच्या सरकारी कार्यक्रमाने अंगावर घेतलं होतं. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला क्लिफर्ड आता सकाळी हजेरी लावी, दुपारी नोकरी शोधल्याचे पुरावे गोळा करी आणि संध्याकाळी ते अपुरे असल्याचं ऐकून घेई. (एवढी मेहनत कारखान्यात केली असती तर मुकादम झाला असता.) एका वर्गात कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा रचायला शिकवलं. क्लिफर्डचा सर्वांत उंच झाला. (ग्रिम्सबीत अशा मनोऱ्यांना मागणी किती, याचा अभ्यास चालू आहे.)

मग एक अघटित घडलं. गोदीवरच्या नॉर्मनचा फोन आला.

"क्लिफ, मासे कापायला माणूस पाहिजे. मंगळवारी दहाला ये, सुरी घेऊन. हात चालतो ना अजून, की गंजलास?"

मंगळवारी दहालाच 'मुलाखतीचा आत्मविश्वास' हा वर्ग होता. तो चुकला की बेकारीचा भत्ता बंद, आणि घरभाडं त्या भत्त्यावरच. क्लिफर्ड मार्गदर्शिका वेंडीकडे गेला.

"अगं पोरी, मला खरीच मुलाखत आलीय!"

"अय्या, छानच की! पण तयारीशिवाय जायचं नसतं हो," वेंडी कळवळून म्हणाली. बाई मनाने चांगली. वर्गाला घरून केक करून आणायची. "त्यांच्याकडून लेखी आणा, मग बघू."

"लेखी?" नॉर्मन फोनवर खेकसला. "मासे विकतो मी, कविता नाही करत. येतोस की नाही?"

मधल्या सुट्टीत गोदीवर पळायचं ठरवून क्लिफर्ड सुरी फडक्यात गुंडाळून, पिशवीत टाकून वर्गाला गेला. दारावर पिशवी तपासली गेली. मासे कापणाऱ्याजवळ सुरी सापडल्याने कार्यालय हादरलं. दुपारपर्यंत त्याला राग आवरण्याच्या वर्गात बसवण्यात आलं, तोवर नॉर्मनने दुसरा माणूस घेतला. क्लिफर्डला फार वाईट वाटलं. तसं त्याने वर्गात सांगितलंही. त्याची प्रगती म्हणून नोंद झाली.

आता तुम्ही म्हणाल, सरळ वर्ग बुडवून गोदीवर जायला काय झालं होतं? ज्याला खरंच काम करायचं असतं, तो काहीतरी मार्ग काढतोच. अगदी बरोबर. वेंडीच्या शेजारची खुर्ची सध्या रिकामी आहे आणि तिथे नेमकी तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत. तुमची मुलाखतसुद्धा घेणार नाहीत.