भेगांवरून पाळी

बाळांनो, आधी एक सांगा. भरवसा कुणावर ठेवावा, तोंडावर की पायांवर? घाई नको. ऐका, मग सांगा.

एका वाळवंटात जनावरं शेती करत. बाजरी पेरत, मटकी पेरत आणि उरलेला वेळ आभाळाकडे बघत. विहीर एकच. पहाटे तिच्यात गोड पाणी, दुपारनंतर नुसता गाळ. म्हणून पाळीला मोल.

पाळ्या लावायचं काम सटवाजी उंटाचं. नियम वाडवडिलांपासूनचा. येईल त्यानं दगडावर पाय ठेवायचा. ज्याच्या पायाला भेगा जास्त, तो शेतात जास्त राबला. त्याला आधी पाणी. सटवाजी स्वतः शेतात कधी गेला नव्हता. न्याय करणाऱ्याला उन्हात कशाला पाठवायचं?

पहिली पाळी कायम गोदाक्का गाढविणीची. जिथं नदी नाही तिथं लेकींना नद्यांची नावं ठेवायची फार हौस, बघा. तिचं शिंगरू अंगावर पीत होतं. तिला पाणी, तर त्याला दूध. आणि शेवटची पाळी रंगराव कोल्ह्याची. त्याचे पंजे लोण्यासारखे.

पुढं गोदाक्काच्या दिराचं लग्न निघालं. जावा तिच्या खुरांवरून बोलायला लागल्या. धाकटी म्हणाली, मांडवात जपून चाला हो, सतरंजीचे दोरे अडकतील.

हे रंगरावाच्या कानावर गेलं. तो अदबीनं येऊन बसला.

"अक्का, विकत काही आणायचं नाही. सगळं निसर्गातलं, सगळं घरातलं. कोरफडीचा गर, तिळाचं तेल, वर थोडं दही. लावायचं आणि सावलीत पडून राहायचं. जगासाठी राबता, जरा स्वतःसाठीही जगा."

"यात तुमचा काय फायदा, भावजी?"

"पुण्य," रंगराव म्हणाला.

लग्नात गोदाक्काचे खूर असे चमकले की नवरीकडे कुणी बघेना. जावांनी तिथंच कृती विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं दगडावर पाय ठेवला. सटवाजीनं मान खाली आणून बराच वेळ पाहिलं.

"आपण कोण?"

"अहो, मी गोदा."

"गोदाच्या पायाला भेगा होत्या. तुम्ही मागं थांबा, बाई."

तिच्या वाट्याला गाळ आला. शिंगरानं दोनदा ओढून पाहिलं आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिलं.

पहिल्या पाळीला होता रंगराव. पंज्यांना हातभर भेगा. सटवाजी सगळ्यांना सांगत होता, बघा, किती राबतोय बिचारा.

गोदाक्का भांडली नाही. तिनं रंगरावाला गाठून कृती विचारली. तीही घरगुतीच निघाली. खारी माती आणि राख चोळायची, पाय उन्हात धरून बसायचं, पाणी लागू द्यायचं नाही.

"आणि शेतात कधी जायचं?"

"तिथं चुकूनही जाऊ नका. भेगांत माती भरते, मग त्या दिसत नाहीत."

थोड्याच दिवसांत साऱ्या अंगणांतून पाय उन्हात निघाले. मग एकदा पाऊस आला. मोठा, पेरणीचा. सगळ्यांनी पटापट पाय पोटाखाली घेतले. गोदाक्कानं शेताकडे पाहिलं, शिंगराकडे पाहिलं आणि तिनंही घेतले.

पाऊस आला तसा गेला. न पेरलेलं शेत उन्हानं असं तडकलं की त्यात एक ससा दिसेनासा झाला. तो शोधायला सटवाजीला आयुष्यात पहिल्यांदा शेतावर यावं लागलं. तो बघतच राहिला.

"एवढ्या भेगा! आपल्यात इतकं कोण राबलंय? उद्यापासून पहिली पाळी शेताची."

रंगरावानं विचारून पाहिलं की शेताला कधी तहान लागते का. सटवाजी म्हणाला, नियम तो नियम.

पहाटेचं सगळं गोड पाणी शेताला जाऊ लागलं. गेल्या साली सांडलेले दाणे सरीत उगवून आले. बाकीचे रांगेत आपापल्या भेगा जपत गाळाची वाट बघत राहिले. गोदाक्कानं रांग सोडली. शिंगराला घेऊन ती थेट सरीत उतरली. दोघं पोटभर प्याली. तिथंच ती तण उपटू लागली, पाखरं हाकू लागली. खूर पुन्हा फाटले.

एकदा सटवाजीनं जाता जाता तिचे पाय पाहिले. म्हणाला, "तुमच्या भेगांत माती आहे, दिसत नाहीत. शेवटची पाळी."

ती तोंडात तण धरून नुसती हसली.

तात्पर्य: निसर्गाचं सगळं घरच्या घरी करावं. कष्ट तेवढे शेतात करू नयेत; तिथं ते दिसत नाहीत.

आणि बाळांनो, रात्री पाय धुताना आपल्या भेगा बघत जा. पडलेल्या एका बाजूला मांडा, पाडलेल्या दुसऱ्या. एवढा हिशेब खरा ठेवा. तो तपासायला कुणी येणार नाही, म्हणून तर सांगतो.