बाळकृष्णाची डोंगरगाडी

"पाटावर बसलीस की तोंड जेवायलेच उघडायचं, विमल! काही लागलं तं हातानं दाखवायचं. बोललीस की व्रत मोडलं!"

सासूबाई धाकट्या लेकाकडे मारेगावला राहायला गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती, तरी विमलताई पाटावर टेकल्या की हा आवाज कानात हजर! चातुर्मासातलं मौनभोजन त्यांनी मोठ्या निष्ठेनं धरलं होतं. एकसष्ट सालची ती कार्तिकातली दशमी. उद्या एकादशीचा उपास, परवा द्वादशीला व्रताची सांगता. म्हणजे मौनाचं हे शेवटचं जेवण. एवढं मुकाट्यानं पार पडलं की चार महिन्यांचं पुण्य पदरात!

पण घरात त्यांचे यजमान सदाशिवराव होते ना!

बाभुळगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थांनी कुठल्याशा मासिकात अमेरिकेतल्या जत्रेचं चित्र पाहिलं. रूळ डोंगरासारखे चढतात, धाडकन उतरतात आणि त्यांवरून गाडी माणसांसकट किंचाळत जाते. झालं! "अशी डोंगरगाडी मी आपल्या खोलीत फिरवून दाखवतो! तेही घरातल्या सामानात. बाहेरून एक खिळा आणला तं नावाचा सदाशिव नाही!"

घरातल्या सामानात बांबू निघाला एकच. तो चिरून पन्हळी झाल्या अकरा. खोलीला लागत होत्या बारा! मास्तरांनी फडताळ सरकवलं, कोपरे चुकवले, पन्हळ ओढून लांबते का तेही पाहिलं. पन्हळ लांबेना आणि खोली आकसेना. शेवटी युक्ती सुचली. गाडी पहिल्या पन्हळीवरून पुढे गेली की ती पन्हळ उपसायची आणि धावत नेऊन शेवटच्या खिंडारात बसवायची! धावायला शाळेतला शिपाई नेमसिंग. तांड्यावरचा धिप्पाड, कामसू गडी. पण खोलीत वळायचा तो भरल्या बैलगाडीसारखा, आधी मोकळी जागा पाहून!

नमुना यवतमाळच्या प्रदर्शनात पाठवायचा की नाही, हे ठरवायला हेडमास्तर विठ्ठलराव आले ते नेमके विमलताईंनी पहिला घास घेतल्यावर. भरल्या पानावरून उठायचं कसं? देवघराच्या कोपऱ्यात, त्या खिंडाराशेजारीच, पदर सावरून त्या तशाच बसल्या.

चहाच्या डब्याचं झाकण, त्याला दोऱ्याच्या रिळांची चाकं, अशी ती गाडी. सोडली. डोंगराच्या अर्ध्यावर गेली आणि आल्या वाटेनं परत!

"हलकी हाये जी, मास्तर," नेमसिंग म्हणाला. "बटाटा ठिवा."

बटाटा गडगडत पलंगाखाली गेला. अडकित्ता ठेवला, तर गाडीच कलंडली. विठ्ठलरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. सदाशिवराव देवघराकडे वळले.

"विमल, देवघरातला बाळकृष्ण घेऊ काय? बसका हाये, वजनही नेमकं!"

विमलताईंनी घास पानात ठेवला. त्यांनी घाईघाईनं पंजा दाखवला. मुळीच नाही! पण चार महिने या घरात पंजा म्हणजे ताक. मास्तरांनी ताक वाढलं. त्यांनी डोळे वटारून दोनदा पंजा दाखवला. मास्तरांनी आणखी दोनदा वाढलं!

"नेमसिंग, पंजा दिसला की ताक वाढत जा रे. आज लय तहान लागली दिसते." आणि रांगता बाळकृष्ण, हातातल्या लोण्याच्या गोळ्यासकट, गाडीत!

गाडी सुटली. डोंगर चढली! उतरली! खिडकीखालून सुसाट निघाली! विठ्ठलराव खुर्चीतून अर्धे उठले. "वा मास्तर, वा!" नेमसिंगनं पहिली पन्हळ उपसली, जागा पाहून वळला आणि निघाला. गाडी वाऱ्यासारखी आणि हा वरातीसारखा! विमलताईंच्या डोक्याशी खिंडार आ वासून उभं. त्यांनी जिवाच्या आकांतानं खिंडाराकडे हात केला. लवकर ये रे बाबा!

नेमसिंगला पंजा दिसला.

"आणलं जी, माय!" त्यानं पन्हळ खाली ठेवली आणि ताकाचा तांब्या उचलला.

"अरे पन्हळ! पन्हळ!" मास्तर किंचाळले. नेमसिंग या वेळी जागा न पाहताच वळला, आणि तांब्याभर ताक हेडमास्तरांच्या टोपीपासून कोटापर्यंत! तेवढ्यात गाडी खिंडारातून उडाली.

विमलताई डाव्या हातानं पदर पसरून उभ्या राहिल्या. देवा, धड खाली ये! तुझी ही फेरी मी पुरी करून देईन! मनातल्या मनात एवढंच. गाडी वरणात पडली. बाळकृष्ण पदरात पडला. आणि तोंडातून चकार शब्द नाही! व्रत शाबूत!

विठ्ठलरावांच्या मिशीतून ताक ठिबकत होतं. तरी माणूस सभ्य. "वहिनी, तुम्हाले लागलं तं नाही ना?"

"नाही जी! तुम्ही बसा, पंचा देते पुसायले!"

आणि विमलताईंनी पटकन तोंडावर हात ठेवला. पण सुटलेला शब्द काय परत येतो?

"विमल... तू बोललीस," सदाशिवराव रडवेले होऊन म्हणाले. "माह्यापायी झालं."

विठ्ठलरावांनी मिशी पुसली. "मास्तर, नमुना पाठवू आपण. फक्त नेमसिंगले पाठवू नका."

पाहुणे गेल्यावर मास्तर खालमानेनं पन्हळी सोडायला लागले. विमलताईंनी बाळकृष्णाला न्हाऊ घालून देवघरात बसवलं होतं. त्यांनी नवऱ्याचा हात धरून मागे सारला. मग बारावीसाठी एका पन्हळीला दोरा लावून माप घेतलं, दोरा मुठीत गुंडाळला आणि बांबूकाम करणाऱ्या उकंडा बुरुडाच्या घराची वाट धरली.