पिवळ्या माशांच्या उशा

शेवटच्या उशीची चेन ओढून आबोसेदेनं ती खुर्चीवर ठेवली, कंबर धरून मागे सरकली आणि स्वतःवरच जाम खूश झाली. काय तो रंग! जांभळ्यावर पिवळेधमक मासे. बसायच्या गाद्या, टेकायच्या उशा, सगळी बैठक माशांनी भरून गेली होती. बाजारातली कापडवाली म्हणाली होती, "कुणा बड्या बाईनं अख्खा गठ्ठा उचललाय. उरलेलं न्यायला परत येते म्हणाली, पण तिची वाट कोण बघत बसतं? घेऊन टाक तू!" आबोसेदेनं घासाघीस करून ते घेतलं आणि मशीन मारून मारून खांदे भरून घेतले.

कारणच तसं होतं. तिच्या लेकीला, मोरेनिकेला, रीतसर मागणी घालायला आज दामोलाच्या घरचे येणार होते. पोरांचं एकमेकांवर मन होतं, पण घोडं पेंड खात होतं ते दामोलाच्या आईपाशी. थोरल्या मुलाच्या सोयरिकीत कुणीतरी डाव्या हातानं पाणी दिलं, म्हणून ही बाई भरल्या ताटावरून उठली होती. ती सोयरीक मोडली ती मोडलीच. हे साऱ्या इबादान शहराला ठाऊक होतं.

"आई!" खिडकीपाशी मोरेनिके किंचाळली. "मेले मी!"

"शुभ दिवशी मरायचं काय बोलतेस?"

"आधी बाहेर बघ!"

फाटकाशी गाडी थांबली होती. दामोलाची आई उतरली, तिच्यामागे काका, काकू, माम्या, भाचरं. एकूण एक माणूस जांभळ्या कपड्यांत, आणि अंगभर पिवळे मासे! कार्याला सगळ्या घराण्यानं एकाच कापडाचे कपडे घालायचे, ही तर घराण्याची शान. आणि ती शान आबोसेदेनं पाहुण्यांच्या बुडाखाली अंथरून ठेवली होती.

ती खुर्च्यांकडे धावली. "चादरी टाक त्यांच्यावर!"

"चादरी सकाळीच धुतल्यास तू! पडदेसुद्धा! सगळं ओलंगच्च आहे!"

"मग खोळी काढ!"

"आतला फोम उंदरांनी कुरतडलाय. म्हणून तर शिवल्यास ना!"

"उलट्या कर! उलट्या!"

मोरेनिकेनं एक खोळ उलटी केली. आतही तेच मासे, तितकेच पिवळे. कापड अस्सल होतं, दोन्ही बाजूंनी सारखं छापलेलं. हलकं घेतलं असतं तर आज निभावलं असतं.

"खिडक्या लाव," आबोसेदे घाम पुसत म्हणाली. "आणि एकदा बसलेल्या माणसाला उठू द्यायचं नाही. मेलं तरी नाही!"

रणरणत्या उन्हातून पाहुणे अंधाऱ्या खोलीत शिरले आणि डोळे चोळायला लागले. "या, या विहीणबाई! गारव्याला म्हणून मिटून घेतलंय हो. बसा! उभे का?" रीतीप्रमाणे अर्धवट गुडघे टेकत, अर्धवट ढकलत आबोसेदेनं एकेकाला खुर्चीत दाबलं. डोळे सरावायच्या आत मंडळी बसलीसुद्धा.

दामोलाची म्हातारी आत्या तेवढी आबोसेदेच्या कानाशी कुरकुरत होती. बाकी बायकांच्या डोक्याचे फेटेही माशांचेच, तिच्या एकटीच्या डोक्याला निळाच फेटा होता. "माझ्याच वेळेला कापड संपलं. दामोलाची आई आणि मी परत बाजारात गेलो तर म्हणे, उरलेलं कुणी सटवी घेऊन गेली."

"आत्याबाई, पाणी घ्या ना," आबोसेदेनं घाईघाईनं दोन्ही हातांनी पेला पुढे केला.

इतक्यात तिचा नवरा आकांबी मागच्या दारानं आला. "अगं, पाहुण्यांना काय कोंडून घातलंयस?" म्हणत त्यानं धडाधड खिडक्या उघडल्या आणि वळून बघतो तो काय! माणूस कुठे संपतोय आणि खुर्ची कुठे सुरू होतेय, काही पत्ता लागेना. त्याचं तोंड उघडलं. आबोसेदेनं त्याच्या पायावर टाच दिली.

"हं... तर आधी प्रार्थना," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यांनी उभं रा..."

दुसऱ्या पायावर टाच बसली.

"...हायची गरज नाही. देवाला बसलेली माणसंही दिसतात."

"आमेन," पाहुणे जरा चकितच होऊन म्हणाले.

"आता मुलानं लोटांगण घालावं," दामोलाचे काका म्हणाले.

"कशाला, कशाला! पोचलं!" आबोसेदे ओरडली.

"म्हणजे?" दामोलाच्या आईची भुवई चढली. "लोटांगणाशिवाय मुलगी मागायची? आम्ही काय रस्त्यावरून आलोय?"

दामोला उठला आणि जमिनीवर सपशेल आडवा झाला. त्याची खुर्ची उघडी पडली, नुसते मासेच मासे. आबोसेदेनं मागचापुढचा विचार न करता आडव्या जावयावरून उडी मारली आणि त्या खुर्चीत बसकण मारली.

"आई," जमिनीवरून दामोलाचा आवाज आला, "तुम्ही होतात तिकडे मी तोंड करून पडलोय. आता वळू का?"

"नको रे बाळा, तिथूनच पोचतंय. मला इथे वारा बरा लागतो."

पण शेजारच्या खुर्चीतल्या विहीणबाईंनी बघायचं ते बघितलं होतं. त्यांनी पाठीमागची उशी हळूच पुढे ओढली. उशीकडे बघितलं, आपल्या बाहीकडे बघितलं. मोरेनिकेनं डोळे गच्च मिटून घेतले. झालं, बुडालं सगळं! लेकीच्या तोंडाकडे बघून आबोसेदेला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

विहीणबाई तिच्या कानाशी वाकल्या. "हे बाजारातल्या त्या जाड्या बाईकडचं ना?"

"हो. देवाशपथ सांगते, मला माहीत नव्हतं हो..."

"शू! हळू बोला!" विहीणबाई चोरासारख्या इकडेतिकडे बघायला लागल्या. "या आत्याबाई सोडल्या तर मी सगळ्यांना सांगितलंय, हे खास आपल्या घराण्यासाठी लागोसहून छापून आणलंय, जगात दुसरा वार मिळायचा नाही. माझ्या जावेनं ही उशी बघितली ना, तर माझं जगणं मुश्कील करेल!" त्यांनी उशी पाठीमागे कोंबली आणि सगळा भार टाकून रेलल्या. "कुणी उठता कामा नये!"

मग काय, सगळं झटपट उरकलं. तारीख? मान्य. देणंघेणं? तुम्ही म्हणाल तसं. जाऊबाई हात धुवायला उठायला लागल्या, तर विहीणबाई गरजल्या, "बस खाली! पाणी जागेवर येईल." याम कंदाचे गोळे आणि मटणाचा रस्सा सगळ्यांनी मांडीवर ताटली घेऊन खाल्ला.

निघायची वेळ झाली तशी दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलं. मग दामोलाच्या आईनं घसा खाकरला. "आपली रीत लक्षात आहे ना? सोयरीक जमली की उठायचं आणि नाकासमोर चालत बाहेर पडायचं. मागे वळून बघितलं तर नवराबायकोत भांडणं लागतात."

"ही रीत कधीपासूनची?" जाऊबाईंनी विचारलं.

"तुझ्या लग्नात पाळली नाही, त्याचे भोग भोगतेयस ना?"

मंडळी उठली आणि मान ताठ ठेवून चालायला लागली. दामोलाला मोरेनिकेकडे एकदा बघायचं होतं, पण बिचारा मान अवघडून तसाच गेला.

सगळ्यात शेवटी म्हातारी आत्या निघाली. उंबऱ्यात ती थबकली. मागे मात्र वळली नाही.

"मोरेनिकेच्या आई, शिलाई सुबक आहे हो तुमची. माझे डोळे अंधारात बरे चालतात." तिनं डोक्यावरचा निळा फेटा नीट केला. "लग्नाच्या आत दोन खोळी उसवून पाठवा. फेटा बांधेन म्हणते."